गॅरेजमधला वेगळा विदर्भ

मेलबर्नच्या दोघांनो,

गेल्या रविवारी मोठी फोनवर म्हणाली की अठरा पूर्ण झाल्यामुळे तिला आता मतदानाला जावंच लागणार, तुमच्याकडे ते सक्तीचं आहे, आणि “आजी, इट्स सच अ वेस्ट ऑफ अ सॅटरडे.” त्याच फोनवर धाकट्याने आजोबांना विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातले ना? आजोबा म्हणाले, “नाही, विदर्भातला,” आणि पुढचं समजावून सांगायला फोन माझ्या हातात दिला. मी तेव्हा काही बोलले नाही. एक तर तुमच्याकडे सोमवारची सकाळ होती आणि धाकट्याच्या तोंडात टूथब्रश होता. दुसरं म्हणजे या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे आणि ती गोष्ट फोनवर मावत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवेल याची वाट पाहू नका. स्वतः वाचा, अडलं तर विचारा.

आधी विदर्भ. महाराष्ट्राचा पूर्वेकडचा भाग म्हणजे विदर्भ: नागपूर, अमरावती, यवतमाळ. तिथल्या बऱ्याच लोकांना पूर्वीपासून वाटत आलं आहे की आपला कापूस, कोळसा आणि वीज पश्चिमेला जाते आणि तिकडून परत येतात ती आश्वासनं; तेव्हा आपलं राज्य वेगळं असावं. आजोबा यवतमाळचे. कॉलेजात असताना या मागणीच्या मोर्चात ते गेले होते. पोलिसांनी त्यांना गाडीत घालून गावापासून आठ किलोमीटरवर नेलं आणि सोडून दिलं. चालत परत येईपर्यंत हॉस्टेलची मेस बंद झाली. पोलिसांना त्यांनी कधीच माफ केलं. मेसवाल्याबद्दल मात्र अजूनही चांगलं बोलत नाहीत.

मी पुण्याची. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने एवढंच विचारलं होतं की यवतमाळला पत्र किती दिवसांत पोचतं. आजोबांच्या आईने विचारलं होतं की मुलगी इंग्रजी शाळेतली आहे, तर तिला आपलं बोलणं समजेल का. दोघींच्याही शंका रास्त होत्या.

आता श्रूजबरी, म्हणजे अमेरिकेतलं आमचं हे गाव. इथलं मराठी मंडळ आमच्या तळघरात सहा कुटुंबांनी सुरू केलं. त्याची घटना आजोबांनी लिहिली, कारण टाइपरायटर फक्त आमच्याकडे होता. त्यातली दोन कलमं तुम्हाला माहीत असायला हवीत. पहिलं: एका कुटुंबाला एक मत. नवरा आणि बायको वेगवेगळं मत देऊ इच्छितील ही कल्पना त्या काळी आजोबांना सुचली नव्हती, आणि मला सुचली होती पण टाइपरायटर त्यांच्याकडे होता. दुसरं: पेटीत पडलेल्या एकूण चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मिळाल्या तरच नवा अध्यक्ष निवडून येतो, नाहीतर जुनाच अध्यक्ष पुढे चालू. बाद चिठ्ठ्याही एकूणात धरायच्या. हे कलम असं कडक असण्याचं कारण म्हणजे तेव्हा अध्यक्ष व्हायला कोणी तयार नसे. जो सापडला तो सुटून जाऊ नये, एवढाच हेतू होता.

पुढे मंडळ वाढलं. पुण्या-मुंबईचे आयटीवाले आले, मग नागपूरचे आले, आणि चव्वेचाळीस कुटुंबं झाली. नागपूरकर मंडळी बरीचशी गावाच्या कडेच्या तळ्यापलीकडे, वूस्टर शहराच्या बाजूला राहतात. त्यांचं म्हणणं पडलं की सगळे कार्यक्रम तळ्याच्या अलीकडेच होतात. तेव्हा एक करार झाला. महाराष्ट्राच्या विधानसभेचं एक अधिवेशन दर हिवाळ्यात नागपूरला भरतं, त्याच धर्तीवर वर्षातल्या चार कार्यक्रमांपैकी हिवाळ्यातला, म्हणजे संक्रांतीचा, तळ्यापलीकडे विदर्भाच्या लोकांनी करायचा. सगळ्यांना हा तोडगा फार आवडला. मॅसॅच्युसेट्समध्ये जानेवारीत काय होतं याचा विचार कोणीच केला नाही, आणि हे सगळे लोक तेव्हा इथे किमान पाच हिवाळे काढलेले होते.

तीन वर्षं ओळीने संक्रांतीला बर्फाचं वादळ आलं. तीन वर्षं तिळगूळ टपालाने गेला. चौथ्या वर्षी वादळ आलं नाही, नुसतं गोठलं. तरी अध्यक्षांनी आदल्या दिवशी ईमेल पाठवली की सदस्यांच्या सुरक्षिततेसाठी कार्यक्रम कॅन्सल करण्यात येत आहे. अध्यक्ष पुण्याचे, एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, नऊ वर्षं बिनविरोध. त्यांच्या ईमेलला नेहमी एक तक्ता जोडलेला असतो. या वेळी तो तापमानाचा होता.

त्या दिवशी तळ्यापलीकडे साठ माणसांचा वडाभात तयार होता. तो केला होता नागपूरच्या एका बाईंनी. दिवसा त्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट असतात. त्यांना मी इथे डॉक्टरीणबाई म्हणणार नाही, कारण त्यांना ते आवडत नाही, फार्मासिस्टबाई म्हणते. त्यांनी उत्तरादाखल दुसरा तक्ता पाठवला. त्याचं नाव होतं ‘विदर्भाचा अनुशेष’. अनुशेष म्हणजे जे द्यायचं राहून गेलं ते. बारा वर्षांत मंडळाने बोलावलेली नाटकं सात, त्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं शून्य. गणपतीच्या जेवणात अळूवडी बारा वेळा, पाटवडी शून्य. समितीत आतापर्यंत बसलेल्या एकूण माणसांत विदर्भाचे तीन, आणि त्यातले दोघे खुर्च्या लावण्याच्या कामावर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की एप्रिलच्या वार्षिक सभेत आपण अध्यक्षपदासाठी उभ्या राहत आहोत, आणि निवडून आल्यास पहिलं काम म्हणजे मंडळाचे दोन भाग करणार.

मंडळ फुटायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप फुटला. एक जुना, एक विदर्भाचा, आणि एक ‘शांतता’ नावाचा, जो मुंबईच्या एका तरुणाने भांडण मिटेपर्यंत पार्किंगच्या सूचना द्यायला काढला होता. आठवडाभरात सगळे जण तिन्ही ग्रुपवर होते आणि एकमेकांवर हेरगिरी केल्याचा आरोप करत होते.

निवडणूक म्हटलं की अधिकारी हवा. मी निवृत्त लायब्रेरियन आहे आणि गावच्या खऱ्या निवडणुकांत मतदान केंद्रावर बसते. मतदाराचा पत्ता विचारायचा, यादीत रेघ मारायची, चिठ्ठी द्यायची: हे काम मला मनापासून आवडतं. तेव्हा माझं नाव पुढे आलं आणि दोन्ही बाजूंनी ते लगेच मान्य केलं. एवढं एकमत का झालं हे मला नंतर कळलं. पुण्याच्या लोकांच्या मते मी पुण्याची मुलगी होते, आणि नागपूरच्या लोकांच्या मते यवतमाळची सून.

मी हो म्हटलं आणि घरी येऊन वहीत हजेरी मोजली. कारण माझं खरं दुखणं तिथे होतं.

तुमच्या आईला मी मराठी शिकवली ती स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणखी तीन मुलांबरोबर. तोच वर्ग पुढे वाढत गेला आणि दर रविवारी दहा वाजता चर्चच्या तळमजल्यावर भरायला लागला. सहा वर्षं मी हायस्कूलच्या मागे लागले होते की या मराठीला फ्रेंच-स्पॅनिशसारखं क्रेडिट द्या. शेवटी त्यांनी दिलं. अट एकच: पटावर किमान पंधरा मुलं हवीत. माझ्या पटावर सतरा होती. नऊ विदर्भाच्या घरांतली, आठ बाकीच्या. मंडळ फुटलं की वर्गही फुटणार, आणि नऊ काय, आठ काय, दोन्ही पंधरापेक्षा कमी. क्रेडिट गेलं की पालकांचा उत्साह जातो, उत्साह गेला की गाडी निघत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला गाडीशिवाय मराठी येत नाही.

हे मी दोन्ही बाजूंना सांगितलं, नियमावली करायच्या आधीच. अध्यक्ष म्हणाले, “काकू, शाळा आमच्याकडे राहीलच. इट्स नॉन-निगोशिएबल.”

फार्मासिस्टबाई म्हणाल्या, “पाहा ना मावशी, तुम्ही काऊन टेन्शन घेऊन राहिल्या? शाळा तर आमच्याकडे येणारच.”

दोघंही मनापासून बोलत होते, आणि दोघांच्या बोलण्याचा मिळून अर्थ असा होता की शाळा राहणार नाही. पण आता मी अधिकारी होते. अधिकाऱ्याला मत नसतं आणि वर्गही नसतो. मी तोंड बंद ठेवलं आणि चार पानांची नियमावली केली.

नियम एक असा की अधिकारी स्वतः मत देणार नाही. हा नियम लिहून मला फार समाधान वाटलं. जेवताना लक्षात आलं की आमच्या कुटुंबाचं एक मत आता पूर्णपणे आजोबांच्या ताब्यात गेलं आहे. आजोबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी त्या दिवशी स्वतःहून भांडी घासली.

मी आमच्या घराला आचारसंहिता लागू केली. निकाल लागेपर्यंत घरात निवडणुकीचं बोलणं बंद.

“फोनवर?” आजोबांनी विचारलं.

“घरात म्हणजे घरात.”

“गॅरेज घरात येतं का?”

मी विचार केला. गॅरेजला आतून दार आहे, पण ते गरम होत नाही. “नाही येत,” मी म्हटलं. ती माझी चूक होती.

दुसऱ्या शनिवारी फार्मासिस्टबाई आणि त्यांचे दोन साथीदार आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसले. मार्च महिना, बाहेर शून्याखाली. कोट, टोप्या घातलेल्या, मध्ये एक छोटा हीटर, बर्फ ओढायच्या फावड्यांना पाठ टेकून चौघंजण आमच्या गाडीभोवती बसले होते. वेगळ्या विदर्भाचं हंगामी सरकार तिथून चालायचं. भिंतीवर मतदारांची यादी लावली होती, खात्रीचे एका रंगात, डळमळीत दुसऱ्या रंगात. डळमळीत बहुतेक मिश्र घरं होती: नवरा अकोल्याचा आणि बायको साताऱ्याची, किंवा उलट.

मी दार उघडून बघितलं. चौघांच्याही तोंडातून वाफ निघत होती.

“मावशी, तुम्ही आत जा, तुम्ही न्यूट्रल आहात,” फार्मासिस्टबाई म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

न्यूट्रल असले तरी दारात आलेल्या माणसाला मी बिनचहाचं पाठवत नाही. मी चहा दिला. पुढच्या शनिवारीही दिला. तिसऱ्या शनिवारी अध्यक्षांचा फोन आला.

“काकू, तक्रार नाही म्हणायची मला. फक्त नोंद घ्या.”

“बोला.”

“निवडणूक अधिकाऱ्यांच्या घरून एका पक्षाला चहा जातोय, असं ग्रुपवर आलंय.”

“कोणत्या ग्रुपवर?”

“तिन्ही.”

“किती कप आले आहेत?”

तक्ता बघून ते म्हणाले, “आठ. म्हणजे दोन मीटिंग, चार-चार.”

“चार-चारमध्ये एक माझ्या नवऱ्याचा आहे. तो निवडणूक असो-नसो, पितोच. तुमचे सहा धरते. या.”

ते खरंच आले. बाहेरच्या खोलीत ताठ बसून त्यांनी दोन शनिवारी मिळून सहा कप चहा घेतला, आणि दर कपाला “थँक यू, काकू” म्हटलं. चौथ्या कपाच्या वेळी ते गॅरेजच्या दाराकडे बघत होते. आतून हसण्याचा आवाज येत होता.

“तिकडे काय चाललंय?”

“मला माहीत नाही. आचारसंहिता आहे.”

“इथे जरा शांत वाटतंय,” ते म्हणाले, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. नऊ वर्षं बिनविरोध निवडून येणं याचा एक अर्थ असाही असतो की कोणी कधी आपल्यासाठी थंडीत बसलेलं नाही.

आजोबांना मी एकदाच विचारलं, आणि तेही कारने जाताना, म्हणजे घराबाहेर. “वर्गाचं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे ना?”

ते म्हणाले, “चार हिवाळे झाले. दर वेळी त्यांचीच साठ माणसांची भांडी. त्यांचं खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“मग?”

“मग काही नाही. सिग्नल हिरवा झाला.”

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. मंडळात सभा नेहमी जेवणानंतर होते, कारण जेवणाआधी ठेवली तर कोणी येत नाही आणि नंतर ठेवली तर कोणी जात नाही. विदर्भाच्या लोकांनी जेवणावर बहिष्कार जाहीर केला होता. पण मतदान तर करायचं होतं, आणि उपाशी राहणं त्यांच्या स्वभावात नाही. तेव्हा त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची टेबलं मांडून समांतर जेवण ठेवलं. हॉल उघडून देणारे चर्चचे वयस्कर व्यवस्थापक दारात उभे राहून हे बघत होते. आयरिश घरातले आहेत ते.

“दोन्हीकडची भाषा वेगळी आहे का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. एकच.”

“धर्म?”

“तोही एकच.”

“मग?”

मी कापूस, वीज आणि वडाभात असा क्रम लावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. “माझी आजी ज्या गावातून आली तिथे असंच होतं,” ते म्हणाले. “फक्त तिथे जेवण इतकं चांगलं नव्हतं.” मग त्यांनी दोन्हीकडून ताटं भरून घेतली. त्यांना मत नव्हतं, म्हणून चाललं.

मतदान गुप्त व्हावं म्हणून मी फ्रिजचा मोठा खोका मिळवला होता. एका बाजूने कापून त्याला पडदा लावला, आत छोटं टेबल, त्यावर पेन. खऱ्या केंद्रावर असतं तसं सगळं. मी एकच गोष्ट विसरले होते. खऱ्या केंद्रावर माणूस आत एकटा जातो. इथे एका कुटुंबाला एक मत, म्हणून नवरा-बायको जोडीने आत जायला लागले. पुठ्ठा आवाज अडवत नाही.

“अगं, पण आपलं काल ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं. मी झोपले होते.”

“माझ्या आईला काय सांगू?”

“आईंना कशाला सांगायला जातोस? गुप्त मतदान आहे.”

बाहेर रांगेतले चाळीस जण शांतपणे ऐकत होते. एक जोडपं आत गेलं ते सात मिनिटं बाहेरच आलं नाही. मुंबईच्या तरुणाने घड्याळ बघितलं. “काकू, यार, काहीतरी लिमिट लावा ना. चारला गेम आहे.” मी व्यवस्थापकांकडून स्वयंपाकघरातला टायमर आणला आणि जोडीला तीन मिनिटं दिली. टायमर वाजला की आत कोणीतरी म्हणायचं, “जा, तू कर काय करायचं ते.” हे वाक्य त्या दिवशी मी विदर्भाच्या आणि पुण्याच्या, दोन्ही उच्चारांत ऐकलं.

आजोबा एकटेच आत गेले, कारण त्यांची जोडीदार रांगेच्या टोकाला टायमर धरून बसली होती. त्यांना मोजून वीस सेकंद लागले. चिठ्ठी पेटीत टाकताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. मनात मात्र मी पटावरच्या नऊ आणि आठ मुलांची नावं एकामागून एक म्हणत होते, आणि त्यातली निम्मी कोणाकडे जातील हे ठरवता येत नव्हतं, कारण रविवारी ती सगळी एकाच बाकावर कोंबून बसतात आणि एकमेकांचं बघून लिहितात.

तीन कुटुंबं आली नव्हती. पेटीत एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. म्हणजे निवडून यायला एकवीस हव्यात. मोजायला माझ्यासमोर दोन्ही उमेदवार बसले. मी चिठ्ठी उघडायची, दोघांना दाखवायची, ढिगात ठेवायची.

पाच चिठ्ठ्यांवर दोन्ही नावांपुढे खुणा होत्या. तिथे तीन मिनिटं पुरली नव्हती. नियमाप्रमाणे बाद. अध्यक्षांना पंधरा मिळाल्या. फार्मासिस्टबाईंना वीस झाल्या. एक चिठ्ठी उरली होती आणि ती घडी घातलेली माझ्या हातात होती. ती फार्मासिस्टबाईंची निघाली तर एकवीस, मंडळाचे दोन भाग. अध्यक्षांची निघाली तर कोणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणजे जुनेच अध्यक्ष पुढे चालू.

मी उघडली. फार्मासिस्टबाईंच्या नावापुढे स्पष्ट, ठळक खूण होती. खाली हिरव्या शाईत एक ओळ होती: ‘मराठी शाळा मात्र एकच राहावी.’

हिरव्या शाईचं फाउंटन पेन श्रूजबरीत एकाच माणसाकडे आहे.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. “ही माझ्या घरची आहे,” मी म्हटलं. “हिच्यावर मी निर्णय देणार नाही. तुम्ही दोघं द्या.”

माझ्या नियमावलीतला सहावा नियम होता की चिठ्ठीवर खुणेखेरीज काहीही लिहिलेलं असल्यास ती बाद. अध्यक्षांनी नियमावली काढली, सहावा नियम शोधला, बोट ठेवलं, आणि मग बोट उचललं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे तक्ता नव्हता.

फार्मासिस्टबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मान वळवून हाक मारली, “काका, इकडे या जरा.”

आजोबा आले.

“हे काय करून ठेवलं तुम्ही?”

“मत दिलं. तुम्हालाच दिलंय.”

“दिलं, पण खाली हे काय लिहून ठेवलं? नियम वाचला नव्हता?”

“वाचला होता,” आजोबा म्हणाले. “हिने नाश्त्याच्या टेबलावर तीनदा वाचून दाखवला. पाठ आहे मला.”

“मग काऊन?”

“तुम्ही जिंकायला पाहिजे असंही वाटत होतं, आणि वर्ग राहायला पाहिजे असंही. कागद एकच मिळाला.”

फार्मासिस्टबाईंनी ती चिठ्ठी उचलून स्वतःच्या हाताने बाद चिठ्ठ्यांच्या ढिगात ठेवली. “काका,” त्या म्हणाल्या, “माझी दोन्ही लेकरं त्याच वर्गात आहेत. मला सांगायचं ना. गॅरेजमध्ये सहा शनिवार बसलो आपण.”

“गॅरेजमध्ये थंडी फार होती,” आजोबा म्हणाले.

मी निकाल उभं राहून वाचला: वीस, पंधरा, बाद सहा. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत, म्हणून विद्यमान अध्यक्ष पुढे चालू. टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की वीस हा आकडा पंधरापेक्षा मोठा आहे एवढं त्यांना कळतं, आणि पुढच्या वर्षीपासून संक्रांत ते करतील. विदर्भाने गणपती घ्यावा. हॉलच्या दोन्ही टोकांना कुजबुज झाली. मागून कोणीतरी विचारलं, अळूवडीचं काय. फार्मासिस्टबाई म्हणाल्या की अळूवडीवर बंदी घालण्याचा त्यांचा विचार नाही, पण तिने आता थोडी विश्रांती घ्यायला हरकत नाही.

घरी जाताना मी गाडी चालवत होते. आजोबांना मी म्हटलं, “तुम्ही मला न विचारता माझा वर्ग वाचवलात आणि तुमच्या लोकांना पाडलंत.”

“तुला विचारता आलं नसतं. आचारसंहिता होती.”

“आणि ते पोरकट हिरवं पेन कशाला? साध्या पेनने लिहायचं.”

“लपून कशाला लिहू,” ते म्हणाले. विदर्भाच्या बाजूने त्यांनी आयुष्यात दोनदा उडी घेतली होती; पहिल्या वेळी चालत परत यावं लागलं होतं, या वेळी निदान गाडी होती. घरी आल्यावर त्यांनी गॅरेजच्या भिंतीवरची यादी काढली, घडी घातली आणि ठेवून दिली. कुठे ते मी विचारलेलं नाही.

याला दोन वर्षं झाली. सगळं सुरळीत झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. विदर्भाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे आणि ‘शांतता’ ग्रुपवर सर्वांत जास्त भांडणं होतात. तीन कुटुंबांनी मंडळ सोडलं. एका जोडप्याने खोक्यातलं भांडण घरी नेलं आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. आजोबांनी घटनेत दुरुस्ती सुचवली आहे: प्रत्येक माणसाला एक मत, आणि चिठ्ठीवर खाली दोन ओळी लिहायला जागा. पहिला भाग मंजूर झाला. दुसरा मी हाणून पाडला. चिठ्ठ्या मोजायच्या असतात, वाचत बसायच्या नसतात.

तेव्हा मोठीला सांगायचं ते असं: जा. रांगेत उभी राहा. तुमच्याकडे केंद्राबाहेर सॉसेज भाजतात असं ऐकते, ते खा. कागदावर खुणेखेरीज काही लिहू नकोस. आणि धाकट्या, आजोबा विदर्भातले आहेत. आता पुन्हा विचारलंस तर ते तुला तक्ता पाठवतील.

तीन कुटुंबांबरोबर दोन मुलं गेली, पण तळ्यापलीकडे एक नवीन घर आलं आणि त्यांची मुलगी पटावर आली. सध्या पटावर सोळा मुलं आहेत. रविवारी दहा वाजता वर्ग भरतो.